जुन्या पिकअपचे ड्रम ब्रेक तापतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्याच पिढीतल्या हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या गाड्यांसाठी आहेत. यांतल्या बहुतेकांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. जुन्या जीपच्या वळणाच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम. एअर ब्रेकच्या ट्रकला यातलं बरंचसं लागू पडत नाही. मापं गाडीगणिक बदलतात, त्यामुळे कंपनीचं मॅन्युअल वेगळा आकडा सांगत असेल तर तोच धरा. आणि ड्रम तापला म्हणून थेट लायनर (ड्रमला आतून घासून चाक रोखणारा थर) बदलायला जाऊ नका. लायनर बहुतेक वेळा भाजलेला सापडतो, पण आग दुसरीकडेच लागलेली असते.

१. ड्रमला हात लावला की चटका बसतो. हे जास्त आहे का?

चटका ६० अंशांनाही बसतो, त्यामुळे हात हे माप नव्हे. शहरात किंवा सपाट रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालवून थांबलात तर ड्रम ५० ते १०० अंशांच्या दरम्यान असणं साहजिक आहे. भरलेली गाडी घाट उतरून आली असेल तर दीडशे-दोनशे अंशही दिसतील आणि त्यात बिघाड असेलच असं नाही. काळजीची लक्षणं वेगळी: सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न मारताही दीडशेच्या वर आकडा, जळकट वास, रिमवरचा रंग करपणं, किंवा एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत ३०-४० अंशांहून जास्त फरक. हा फरक एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातो.

टेम्परेचर गन ऑनलाइन स्वस्तात मिळते, ती गाडीत ठेवाच. रोख ड्रमच्या गंजलेल्या, मळकट भागावर धरा. चकचकीत धातूवर ती खूप कमी आकडा दाखवते. गन नसेल तर ड्रमवर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा. चर्रकन उडाले तर शंभराच्या वर आहे. थेंबच म्हणतोय, बाटली नाही. का, ते प्रश्न १३ मध्ये.

२. एकच चाक तापतं, की दोन्ही, की चारही, यावरून काही कळतं का?

निम्मं निदान इथेच होतं. दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यावर, शक्यतो कमीत कमी ब्रेक मारत गाडी चालवा आणि थांबल्या थांबल्या चारही चाकांचे आकडे लिहून घ्या.

एकच मागचं चाक गरम: त्याच चाकाचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमकडे ढकलणारा), स्प्रिंग, ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा) किंवा हँडब्रेकची त्या बाजूची केबल. मागची दोन्ही गरम: हँडब्रेक जास्त ताणलेला, किंवा चासीवरून एक्सलवर उतरणारा होज पाइप आतून बंद होत आलेला. मागच्या दोन्ही चाकांना ऑइल बहुतेक गाड्यांत त्या एकाच होजमधून जातं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि दोन्ही बाजूंचे सिलिंडर फुकट बदलले जातात. पुढचं एकच चाक गरम: त्या चाकाचा होज किंवा कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून दाबणारा भाग). चारही गरम: मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइलचा दाब तयार करणारा), बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) पुशरॉड किंवा पॅडल पूर्ण वर न येणं.

सपाटीवर चारही थंड आणि फक्त घाटात तापतात? मग ब्रेक सुटतोय व्यवस्थित, त्याच्यावर काम जास्त पडतंय. थेट प्रश्न १० आणि १२ पाहा. एक चाक जास्त तापतंय पण ते निर्दोष आहे, अशीही एक भानगड असते. ती प्रश्न १५ मध्ये.

३. ब्रेक धरून ठेवतोय हे गाडी उचलून कसं तपासायचं?

थंड गाडीवर तपासलंत तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही. आधी चालवून ब्रेक धरू द्या, मग लगेच सपाट, पक्क्या जागेवर आणा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण खाली. मागचा एक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही.

चाक हाताने फिरवा. मागच्या चाकाला डिफरन्शियलमुळे थोडा जडपणा असतोच आणि दुसरं चाक उलटं फिरतं, त्याला ब्रेक समजू नका. किंचित घासल्याचा आवाज चालतो. पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरलेला आहे.

आता त्या चाकाच्या मागच्या प्लेटवरचा ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाव-अर्धा फेरा सैल करा. निपलला पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण दाब अडकलेला असेल तर ऑइल गरम आणि जोरात येतं. ऑइलची पिचकारी आली आणि चाक सुटलं तर दोष ऑइलच्या लाइनमध्ये: प्रश्न ४. नुसते दोन थेंब आले आणि चाक तसंच जड, तर दोष ड्रमच्या आत किंवा हँडब्रेकमध्ये: प्रश्न ५ आणि ६.

४. निपल उघडल्यावर चाक सुटलं. आता होज बदलू की मास्टर सिलिंडर?

दोन्ही नको, आधी शोधा. परत चालवून ब्रेक धरू द्या आणि यावेळी निपलऐवजी मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी असलेला त्या लाइनचा नट सैल करा, खाली फडकं धरून. ब्रेक ऑइलने रंग उडतो. तिथे सैल केल्यावर चाकं सुटली तर दाब मास्टरमध्येच अडकत होता. तिथे सुटली नाहीत पण निपलवर सुटतात, तर मधला होज दोषी. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो: पायाच्या जोराने ऑइल पलीकडे ढकललं जातं, पण स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही.

दाब मास्टरमध्ये अडकत असेल तर लगेच किट (आतल्या नव्या रबरांचा संच) टाकायला बसू नका. क्रमाने जा.

पॅडल हाताने वर ओढून पाहा. ब्रेक लाइट चालूच राहत असतील आणि पॅडल ओढल्यावर विझत असतील तर पॅडलचा पिव्होट जाम आहे, स्प्रिंग ढिली आहे किंवा खाली मॅट अडकतेय. ब्रेक लाइटचा स्विच फार पुढे बसवल्यामुळे पॅडल वर यायचं थांबलेलं असणं, हाही नेहमीचा गुन्हेगार.

पॅडल ठीक असेल तर मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडणारे दोन नट दोन-तीन मिलिमीटर सैल करून मास्टर पुढे सरकवा. चाकं सुटली, तर बूस्टरचा पुशरॉड लांब पडतोय. बूस्टर किंवा मास्टर नुकताच बदलला असेल तर हे हमखास. पुशरॉड आणि पिस्टन यांत थोडी तरी मोकळीक हवीच. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही. पंधरा-वीस किलोमीटरनंतर चारही ब्रेक आपोआप धरतात आणि गाडी तासभर उभी केली की आपोआप सुटतात, त्याचं कारण हेच.

एवढं करूनही दाब अडकतोच, तर मास्टर सिलिंडर खोला. ते छिद्र गाळाने बंद झालेलं असेल किंवा रबर फुगलेलं असेल. फुगलेलं रबर दिसलं तर मात्र प्रश्न ११ वाचल्याशिवाय नवं किट टाकू नका.

५. निपल उघडूनही चाक जडच. ड्रमच्या आत काय काय पाहायचं?

आधी ड्रम काढावा लागेल. आत काठाला गंजाची किंवा झिजेची कडा तयार झालेली असते आणि शू (लायनर बसवलेल्या कमानदार पट्ट्या) तिला अडकतात, म्हणून ॲडजस्टर मागे घ्या, हँडब्रेकची केबल सैल करा. पुष्कळ ड्रमांवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत त्या मापाचे बोल्ट दोन्हीकडे सारखे आवळत नेलेत तर ड्रम आपोआप बाहेर येतो. कडेवर हातोडा हाणू नका, बीड तडकते.

आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

मग पाहायचं ते असं. परतीच्या स्प्रिंग काढून हातात घ्या: मोकळ्या स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटून हवेत. मधून उजेड दिसला, किंवा स्प्रिंग निळसर पडली असेल, तर ती उष्णतेने मेलेली आहे. लायनर दोनदा बदलले तरी स्प्रिंग पहिल्याच, असं फार गाड्यांत सापडतं. स्प्रिंगचा सेट लायनरच्या तुलनेत स्वस्त आहे. एकदा जास्त तापलेल्या चाकाची स्प्रिंग परत वापरू नका.

व्हील सिलिंडरचे दोन्ही पिस्टन अंगठ्याने दाबून आत गेले पाहिजेत. एक जात नसेल तर आत गंज आहे. रबरी टोपी उचलून पाहा; आत ओलावा असेल तर सिलिंडर गळतोय. सिलिंडरच्या आत खड्डे पडलेले असतील तर घासून किट टाकण्यात अर्थ नाही, महिन्याभरात परत गळतो. पूर्ण सिलिंडर बदला.

मागच्या प्लेटवर शू जिथे टेकून सरकतो तिथे सहसा सहा उंचवटे असतात. त्यांत नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर शू तिथे अडकून बसतो. खाच खोल नसेल तर कानशीने साफ करा, खोल असेल तर वेल्डिंगने भरून घासून घ्या किंवा प्लेट बदला. वर ब्रेकसाठीचं उच्च तापमानाचं ग्रीस अगदी पातळसं लावा. साधं चासी ग्रीस पातळ होऊन थेट लायनरवर उतरतं.

६. हँडब्रेक खाली आहे, तरी तोच धरतोय का हे कसं ओळखू?

गाडीखाली जाऊन केबल दोन्ही चाकांच्या मागून सोडवा. चाक मोकळं झालं तर सापडलं. केबलच्या आवरणात पाणी आणि माती शिरून तार आतच गंजते. वर ओढली जाते पण मागे सरकत नाही. दगड-वाळू वाहणाऱ्या आणि किनारपट्टीवरच्या गाड्यांत हे जास्त. तेल सोडून केबल दोन आठवडे चालेल, पुढे परत अडकेल. बदलाच. ड्रमच्या आतली हँडब्रेकची पट्टीही तिच्या पिनवर जाम होते, तीही हलवून पाहा.

दुसरं कारण माणसाचं असतं. लायनर झिजल्यावर ब्रेक ॲडजस्ट करायच्याऐवजी कुणीतरी केबलच आवळतो. हँडब्रेक लवकर लागतो, पण शू कायम अर्धवट उघडे राहतात आणि ऑटो ॲडजस्टर असेल तर तो काम करेनासा होतो. आधी ड्रमची ॲडजस्टमेंट (प्रश्न ८), केबल सगळ्यात शेवटी.

७. नवे लायनर टाकले आणि तेव्हापासूनच ड्रम तापतोय. लायनर खराब निघाले का?

क्वचित. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर थोडी उष्णता आणि वास येणारच, कारण नवा लायनर ड्रमला सगळीकडून टेकलेला नसतो. रिकाम्या गाडीने ५० च्या वेगावरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, मग मिनिटभर तशीच चालवायची. असं पंधरा-वीस वेळा करा. या काळात भरलेली गाडी घाटात नेऊ नका. लायनर चकाकून काचेसारखा झाला की ब्रेक लागत नाही, मग पाय जास्त दाबला जातो आणि उष्णता आणखी वाढते.

तीनशे किलोमीटरनंतरही तापत असेल तर जुळणीतली चूक शोधा.

ड्रम लेथवर न मारता (आतून कातून न घेता) त्यात ओव्हरसाइझ लायनर टाकले असतील तर शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी पडते आणि फक्त दोन टोकं घासतात. ड्रमच्या आत खडू फासून, ड्रम बसवून हाताने फिरवा, हलका ब्रेक लावा आणि काढून पाहा. खडू लायनरच्या मध्यावर आधी लागायला हवा. टोकांवरच लागला असेल तर लायनर घासून गोलाई जुळवून घ्या.

डाव्या-उजव्या बाजूचे ॲडजस्टर एकमेकांत बदलले गेले असतील तर ऑटो ॲडजस्टर उलटा फिरतो. आटे एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे असतात, म्हणून एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. ज्या ब्रेकमध्ये खाली दोन्ही शू फक्त ॲडजस्टरने जोडलेले आणि वर एकच अँकर पिन असते, तिथे आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या दिशेला येतो. बाकीच्या रचनांत मूळ मांडणी पाहूनच बसवा. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढला की वाद उरत नाही.

८. ॲडजस्टमेंट नेमकी किती टाइट ठेवायची?

ड्रम थंड असतानाच. गरम ड्रम फुगलेला असतो. त्यावर आवळलेले शू ड्रम निवला की त्याला घट्ट धरून बसतात. घाट उतरून आल्या आल्या रस्त्यात ब्रेक आवळून देणारा मेकॅनिक सकाळचं दुखणं देऊन जातो.

हँडब्रेक सोडा, चाक उचला, मागच्या प्लेटच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हरने दातेरी चक्र फिरवत चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत आवळा. पॅडल दोन-तीनदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर येतात. चाक परत सैल झालं असेल तर परत आवळा. मग चाक मोकळं फिरून कुठेतरी हलकासा खर्र आवाज येईल इतके दात मागे घ्या. दोन्ही बाजूंना सारखं करा. खाचेवरची रबरी टोपी परत बसवायला विसरू नका, पावसात चिखल तिथूनच आत जातो. नंतर दहा किलोमीटर चालवून आकडे तपासा.

९. ड्रम लेथवर किती वेळा मारता येतो?

वेळा मोजायच्या नसतात, व्यास मोजायचा. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो, मूळ मापापेक्षा बहुधा दीड ते दोन मिलिमीटर जास्त. लेथवर मारल्यानंतरचं माप त्याच्या आत हवं आणि पुढच्या झिजेला थोडी जागाही उरायला हवी. एकाच एक्सलच्या दोन ड्रमांत पाव मिलिमीटरहून जास्त फरक नको.

पातळ ड्रम दुहेरी त्रास देतो. बीड कमी म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी, त्यामुळे तो लवकर तापतो. आणि तापला की पसरतो. २८० मिलिमीटरचा ड्रम ३० वरून २८० अंशांवर गेला की त्याचा व्यास पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतो. शूला तेवढं जास्त सरकावं लागतं आणि पॅडल खाली जातं.

आत निळे-जांभळे डाग दिसले तर तिथली बीड कडक झालेली असते, लेथचं हत्यार त्यावरून उडी मारतं आणि डाग उंचवटा होऊन राहतो. असा ड्रम बदललेला बरा. केसासारख्या वरवरच्या रेघा चालतात. काठापर्यंत गेलेली तडा चालत नाही. संशय असेल तर ड्रम दोरीला टांगून हलकेच ठोका. घणघणला तर ठीक, भद्द वाजला तर भंगारात.

१०. घाटात ब्रेक लागेनासा होतो. कधी पॅडल कडक राहतं, कधी खाली जातं. एकच रोग आहे का?

तीन वेगळे आहेत आणि पायाला वेगळे कळतात.

पॅडल नेहमीच्या उंचीवर, कडक, पण गाडी थांबत नाही: लायनर त्याच्या मर्यादेपलीकडे तापला आणि त्याची पकड गेली. निवला की बराचसा परत येतो. हलक्या दर्जाच्या लायनरला हे लवकर होतं.

पॅडल खूप खाली जातं, पण भरीव लागतं, आणि पंप केल्यावर वर येतं: ड्रम फुगलाय. ॲडजस्टमेंट आधीच सैल असेल तर जास्त जाणवतं.

पॅडल स्पंजासारखं मऊ, किंवा थेट जमिनीला टेकतं: ऑइलला उकळी फुटून लाइनमध्ये वाफ झाली. हा सगळ्यांत धोक्याचा प्रकार, कारण तो बऱ्याचदा घाट उतरून थांबल्यावर दिसतो. गाडी चालू असताना वाऱ्याने ड्रम निवत असतो. थांबली की ड्रमची सगळी उष्णता सिलिंडरमध्ये उतरते. चहा पिऊन दहा मिनिटांनी गाडी काढताना पॅडल दाबून पाहिल्याशिवाय हलू नका.

११. ब्रेक ऑइल कोणतं घालू आणि किती दिवसांनी बदलू?

टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं असलं तरी डॉट ४ चालतं. कोरड्या, नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पण ऑइल हवेतलं पाणी ओढतं. पाण्याचं प्रमाण सुमारे ३.७ टक्क्यांवर गेलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. कोकणातल्या दमट हवेत, घाटात चालणारी गाडी असेल तर दोन वर्षांच्या पुढे ऑइल ठेवू नका. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळत नाही.

लिटरभर ऑइलमध्ये पूर्ण बदल होतो. एअर (लाइनमधली हवा) काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं ऑइल किंवा डिझेल चुकून टाकीत गेलं तर सगळी रबरं फुगतात. झाकणाखालचं रबर फुगून बसेनासं होणं ही पहिली खूण. ग्लासभर पाण्यात टाकीतल्या ऑइलचे थोडे थेंब टाका; चांगलं ब्रेक ऑइल विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर मास्टर, सिलिंडर, कॅलिपर, होज या सगळ्यांतलं रबर बदलून लाइन धुवावी लागते. नुसतं मास्टरचं किट टाकून भागत नाही.

१२. भरलेली गाडी घाटातून उतरवताना ब्रेक तापू नये म्हणून काय करायचं?

अडीच टनांची भरलेली गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. तेवढ्यात जी ऊर्जा सुटते ती ४५ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणू शकेल. ही सगळी चार ब्रेकांत घालायची की बरीचशी इंजिनला द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. पाय सतत हलका ठेवू नका. हलक्या दाबाला चारही चाकं सारखं काम करत नाहीत, जे जास्त जवळ ॲडजस्ट झालंय तेच भाजतं. वेग ठरलेल्या मर्यादेला गेला की जरा ठाम दाबून दहाएक किलोमीटरने उतरवा, पाय पूर्ण काढा.

न्यूट्रल करून डिझेल वाचतं हा गैरसमज आहे. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना पंप इंजिनला जवळजवळ डिझेल देतच नाही. न्यूट्रलमध्ये आयडलिंगचं डिझेल जळतंच. इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट: व्हॅक्यूम पंप थांबतो, बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच ताकद उरते आणि मग पॅडल दगडासारखं होतं. आंबोली, करूळ, कुंभार्ली, माळशेज, कुठलाही घाट असो, नियम हाच.

१३. ड्रममधून धूर येतोय. पाणी ओतू का?

नाही. लाल-गरम बिडाच्या ड्रमवर पाणी पडलं की तो तडकू शकतो, आणि तडा लगेच दिसेलच असं नाही. गाडी सपाट जागी, गवतापासून लांब घ्या. गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका. फुगलेल्या ड्रमवर ओढलेला हँडब्रेक ड्रम आकसला की घट्ट बसतो. रिमला तोंड करून उभं राहू नका, तापलेला टायर फुटतो. अर्धा-पाऊण तास आपोआप निवू द्या.

ज्वाळा दिसत असतील किंवा टायर पेटला असेल तर हिशेब वेगळा. तिथे ड्रम वाचवायचा नसतो, अग्निशामक आणि मिळेल तितकं पाणी दोन्ही वापरा, पण चाकाच्या पुढून किंवा मागून, बाजूने नाही.

१४. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की चाक हलतच नाही.

लायनर आणि ड्रम गंजाने चिकटतात, हँडब्रेक ओढलेला असेल तर जास्त. सपाट जागी गिअर आणि दगड यांवर ठेवा. चिकटलंच तर पुढे-मागे हलके झटके द्या. सुटलं नाही तर ड्रमच्या कडेला लाकडाचा ठोकळा धरून ठोका. क्लच जाळत ओढू नका. सुटल्यावर पहिले पाच किलोमीटर आकडा पाहा. लायनरचा तुकडा निघून आत अडकला असेल तर ड्रम तापतो.

१५. गरम चाकाचं सगळं नवं टाकलं, तरी तेच तापतं. आता?

थंड चाक खोला. एका बाजूचा ब्रेक लागतच नसेल तर दुसऱ्या बाजूला त्याच्याही वाट्याचं काम करावं लागतं. थंड बाजूचा सिलिंडर जाम असेल, किंवा एक्सलचं ऑइल सील गळून गिअर ऑइल लायनरवर आलेलं असेल. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत वापरतात. उष्णता लागली की आत मुरलेलं तेल परत वर येतं. सील बदला आणि दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला. एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छिद्र) बंद असेल तर नवं सीलही गळेल, तो साफ करा.

हेच पुढे-मागेही होतं. पुढचे कॅलिपर जाम असतील तर मागचे ड्रम भाजतात, आणि उलटही.

१६. मागे जादा पाटा (स्प्रिंगचं पान) टाकल्यापासून ब्रेकचं गणित बिघडलं. संबंध आहे का?

लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत नक्की आहे. हा व्हॉल्व्ह मागचा एक्सल आणि चासी यांतलं अंतर पाहून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्याने गाडी भरूनही कमी बसते, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, मागे दाब कमी जातो आणि पुढचे ब्रेक तापतात. काही जण मग व्हॉल्व्हची दांडी तारेने वर बांधून टाकतात. तेव्हा रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर लॉक होऊन गाडी आडवी जाते. दांडीची लांबी मॅन्युअलप्रमाणे दाब मोजूनच जुळवायची असते. सोपा मार्ग म्हणजे जादा पाटा काढून पासिंगइतकाच माल भरणं.

१७. ड्रमचा काठ थंड, पण मधला हब तापतो.

हा ब्रेक नाही, बेअरिंग आहे. जास्त आवळलेलं, ग्रीस सुकलेलं किंवा खरवडलेलं. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, फिरवताना हब किंवा स्प्रिंगवर हात ठेवा, खरखर जाणवेल. बेअरिंग ढिलं असेल तर ड्रम हेलकावे खाऊन लायनरलाही घासतो, मग दोन्ही तापतात.

१८. रस्त्यातच एक मागचं चाक जाम झालंय. जवळच्या गॅरेजपर्यंत कसा पोहोचू?

आधी निवू द्या (प्रश्न १३). मग हँडब्रेकची केबल सोडवून पाहा. नाही सुटलं तर निपल क्षणभर उघडून दाब सोडा आणि पॅडल दाबायच्या आत बंद करा, म्हणजे हवा शिरत नाही. तरीही जड असेल तर ॲडजस्टर सात-आठ दात मागे घ्या. पॅडल आता खाली जाईल, तेव्हा निघण्याआधी जागेवर दाबून, मग चालण्याच्या वेगात ब्रेक लागतो की नाही ते पाहा. माल उतरवता आला तर उतरवा, ३० च्या वर जाऊ नका, दर दोन-तीन किलोमीटरला आकडा पाहा.

होजला पकड लावून किंवा त्या चाकाची लाइन बोल्टने बंद करून पुढे जाण्याचा सल्ला मिळेल. ब्रेक एकाच बाजूला लागला की गाडी त्या बाजूला ओढली जाते, आणि पकडीने दाबलेला होज नंतर बदलावाच लागतो. पुढे घाट असेल तर यातलं काहीही करू नका, टो करून न्या.